सशाच्या डोक्याचा फोटो



मागच्या महिन्यात या सदरात लाळ्या-खुरकुताच्या लशीविषयी लिहिलं होतं. त्यावर पुण्याच्या एका वाचक ताईंनी विचारलं, "डॉक्टरकाका, तुमचं सगळं गाई-बैलांचं असतं. आमच्या फ्लॅटमध्ये कासव आहे, मुलीच्या मैत्रिणीकडं पोपट आहे. त्यांच्या आजारपणाबद्दल कधी लिहिणार?" प्रश्न रास्त आहे. पण उत्तर द्यायला मी कचरत होतो. त्या विषयातलं थोडंफार मी कसं शिकलो, हे सांगायचं तर माझी एक चूकही सांगावी लागते. आज सांगूनच टाकतो.

माझी बहुतेक नोकरी ठाणाकुशनूर आणि आसपासच्या गावांत गेली, शेवटची काही वर्षं कलबुर्गी जिल्ह्यात. आमच्या भागात जनावर म्हणजे देवणी. पूर्ण पांढरा तो बालंक्या, पांढरं अंग आणि काळं तोंड तो वानेरा, अंगावर काळे ठिपके तो शेवेरा. या जनावरांना तपासायची आमची हत्यारं म्हणजे हात, कान आणि नाक. बैल खात नाही, कण्हतोय, पुढचे पाय फाकवून उभा आहे असं दिसलं की आम्ही वशिंडामागं चिमटा घ्यायचो. निरोगी बैल पाठ खाली वाकवतो. पोटात तार किंवा खिळा गेलेला बैल वाकवत नाही, नुसता कण्हतो. दोघांनी छातीखालून बांबू घालून हळूच वर उचलला, तरी तेच कळतं. अशा चिमट्यावर आणि बांबूवर मी तीसेक वर्षं काढली, आणि बहुतेक वेळा बरोबर ठरलो. त्यामुळं आपल्या हाताला सगळं कळतं, असा एक ताठा अंगात आला होता.

तो ताठा दोन किलोच्या एका सशानं उतरवला.

निवृत्तीनंतर मी गावातच राहिलो. मुलगा शाळेत शिक्षक, नात पाचवीत. दोन वर्षांपूर्वी तिनं उदगीरच्या बाजारातून एक पांढरा ससा आणला आणि त्याचं नाव ठेवलं कापूस. ओसरीवर खोक्यात राहायचा. घरातला प्रत्येक माणूस त्याला प्रेमानं काहीतरी द्यायचा. नात गाजर द्यायची, सूनबाई पोळीचा तुकडा, आणि मी माझ्या चहातलं बिस्कीट. गवत कुणीच देत नव्हतं. घरात पशुवैद्य असून! मी आयुष्यभर शेतकऱ्यांना वैरणीचे धडे दिले, आणि माझ्याच ओसरीवर रवंथ न करणारं एक जनावर बिस्किटावर जगत होतं.

एका पावसाळ्यात कापसाच्या डाव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. मी पापणी उचलून पाहिली, थोडी लाली होती. म्हटलं, डोळे आलेत. थेंब सुरू केले. आठवड्यानं थोडं बरं वाटलं, पुन्हा पाणी. थेंब बदलले. असे तीन आठवडे गेले. तेवढ्यात नात म्हणाली, "आबा, कापूस गाजर तोंडात घेतोय आणि खाली टाकतोय." तेव्हा मी त्याला उचललं, आणि हाताला पाठीचा कणा लागला. पांढऱ्या लोकरीखाली अंग कुठं गेलं होतं ते दिसलंच नव्हतं. किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवलं तर दीड किलोच्या थोडं वर. दोन किलोचं जनावर पाव हिश्श्यानं झिजलं, आणि रोज त्याच्या डोळ्यात औषध घालणाऱ्या डॉक्टरला पत्ता नाही.

इथं वाचकांनी एक गोष्ट मनात पक्की धरावी. कुत्रं दुखलं की कण्हतं, लंगडतं, मालकाकडं येतं. ससा, पोपट, कासव, गिनीपिग तसं करत नाहीत. रानात ज्याला दुसरं कुणीतरी खातं, त्याला दुखणं दाखवून चालत नाही. कळपात जो आजारी दिसतो त्याच्यावर पहिली झडप पडते. म्हणून ही जनावरं अगदी शेवटपर्यंत ठीक असल्यासारखी वागतात. आपल्याला दिसतं तेव्हा आजार बराच पुढं गेलेला असतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही बीदरला गेलो. माझ्याच हाताखाली कधीकाळी उमेदवारी केलेला एक तरुण डॉक्टर तिथं आहे. त्यानं एक्स-रे काढला, बराच वेळ उजेडासमोर धरला आणि म्हणाला, "सर, दाढांचं दुखणं वाटतंय. पण डाव्या-उजव्या दाढा एकमेकींवर आल्यात. डोळ्याच्या मागं काय चाललंय ते यात सांगता येणार नाही. हैदराबादला सीटी करून घ्या."

डोळ्याला पाणी आणि दुखणं दाढेत, हे ऐकून मी गप्पच झालो. मग घरी येऊन दोन रात्री वाचत बसलो. सशाला २८ दात असतात. पुढं वर चार आणि खाली दोन, मागं दाढा. हे सगळे दात जन्मभर वाढत राहतात. पुढचे दात तर आठवड्याला साधारण दोन मिलिमीटर. निसर्गानं हिशेब बसवलेला आहे. ससा दिवसभर चिवट गवत आडवं रगडत बसतो, दात झिजतात आणि वाढ तिथंच फिटते. बिस्किटाला आणि पोळीला रगडावं लागत नाही. मग दाढ वर वाढायला जागा नसली की मुळाकडून मागं सरकते. वरच्या दाढांची मुळं डोळ्याच्या खोबणीला लागूनच असतात, आणि डोळ्यातलं पाणी नाकात नेणारी नळी दातांच्या मुळांजवळूनच जाते. ती दबली की पाणी गालावर येतं. मी तीन आठवडे नळाला पट्टी बांधत होतो, गळती भिंतीत होती.

आता एक्स-रेत का दिसलं नाही, ते साध्या उदाहरणानं सांगतो. एक्स-रे म्हणजे भिंतीवर पडलेली सावली. दोन्ही हात एकामागं एक धरून सावली पाडली तर कोणतं बोट कुठल्या हाताचं, सांगता येत नाही. सशाचं डोकं माझ्या मुठीएवढं. त्यात २२ दाढा, नाकाची नाजूक हाडं, कानांचे पोकळ गोळे, सगळ्यांची सावली एकावर एक पडते. सीटीचं तसं नाही. टरबूज घेताना आपण टिचकी मारून आवाज ऐकतो, ती माझी जुनी तपासणी. दुकानदार टरबूज कापून आत लाल आहे का ते दाखवतो, ते सीटी. फरक इतकाच की सुरी न लावता त्याच्या शेकडो पातळ चकत्या पडद्यावर दिसतात. क्ष-किरणांची नळी जनावराभोवती गोल फिरते, प्रत्येक कोनातून किती किरण पार गेले ते मोजलं जातं, आणि संगणक गणित करून आतल्या प्रत्येक ठिकाणाची घनता काढतो. पाण्याला शून्य, हवेला उणे हजार, आणि हाड शेकड्यांपासून हजाराच्या पुढंपर्यंत, अशी त्याची मोजपट्टी आहे. ज्यांनी हे यंत्र बनवलं त्या गॉडफ्रे हाऊन्सफील्ड यांच्या नावानंच ती ओळखली जाते.

या हाऊन्सफील्डसाहेबांची गोष्ट मला जनावरांचा डॉक्टर म्हणून फार आवडली. ते इंग्लंडातल्या ईएमआय कंपनीत इंजिनिअर होते. त्यांच्या सुरुवातीच्या यंत्राला एका वस्तूची मापं घ्यायला नऊ दिवस लागायचे. आधी त्यांनी औषधात ठेवलेला माणसाचा मेंदू तपासला, पण औषधानं तो बदललेला होता. मग ताजा मेंदू हवा म्हणून खाटकाकडून बैलाचा मेंदू आणला, आणि त्यात मेंदूचे भाग वेगळे दिसले. त्यानंतर १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मोर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या डोक्याचं सीटी झालं. १९७९ मध्ये हाऊन्सफील्ड आणि अ‍ॅलन कॉर्मॅक या दोघांना नोबेल मिळालं. म्हणजे माणसाच्या आधी या यंत्रात बैल जाऊन आला! आज मात्र आपला देवणी बैल त्यात मावत नाही. माणसासाठी बनवलेल्या यंत्राचं भोक साधारण ७० ते ८० सेंटिमीटरचं असतं. मोठ्या जनावराचं फार तर डोकं किंवा पाय आत जातो. ससा, पोपट आणि कासव मात्र अख्खे जातात, आणि त्यांनाच त्याची खरी गरज असते.

हैदराबादला जायचं ठरलं. खर्च विचारला तर येणं-जाणं धरून एका चांगल्या शेळीच्या किमतीएवढा. ससा तीनशे रुपयांचा. मी विचारात पडलो, पण नातीपुढं ते बोलायची हिंमत झाली नाही.

पहाटे चारला गाडीत खोकं ठेवत होतो, तेव्हा आमच्या शेजाऱ्यांचा सालगडी बैलांना वैरण टाकायला आला. कंदील खाली ठेवून त्यानं विचारलं, "डॉक्टरसाब, इतक्या बिगीनं कुठं?" मी सांगितलं. तो थोडा वेळ खोक्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "सशाच्या डोक्याचा फोटो काढायला हैदराबाद? माझ्या मायच्या डोक्याचा काढा म्हणून सांगून दोन म्हयने झाले."

त्यात टोमणा नव्हता. त्यानं जसं होतं तसं सांगितलं. माझ्याकडं उत्तर नव्हतं. "आल्यावर बोलू," एवढं म्हणून गाडीत बसलो. जहिराबाद येईपर्यंत कुणीच काही बोललं नाही.

हैदराबादच्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "उपाशी तर नाही ना ठेवलं?" भूल द्यायची म्हटलं की आपण जनावर उपाशी ठेवतो. सशाला मात्र ठेवायचं नसतं. ससा ओकत नाही, आणि त्याचं आतडं काही तास जरी रिकामं राहिलं तरी थंड पडायला लागतं. मग त्यांनी भुलेचा धोका सरळ सांगितला. ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीचे आकडे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत. भूल किंवा गुंगी दिल्यावर दगावणारी कुत्री दहा हजारांत सुमारे १७, मांजरं २४, आणि ससे १३९. "म्हणून आम्ही हलकी गुंगी देतो. यंत्राचं काम काही सेकंदांचंच आहे. काही ससे तर नुसत्या पारदर्शक डब्यात शांत बसतात, कासवाला बहुधा गुंगीही लागत नाही," त्या म्हणाल्या. मला बरं वाटलं. धोका लपवून दिलेल्या धीरापेक्षा असं बोलणं माणसाला जास्त आधार देतं.

कापूस त्या मोठ्या गोल यंत्रात गेला तेव्हा रुमालाच्या घडीएवढा दिसत होता. नातीनं माझं बोट धरलं होतं. दहा मिनिटांत तो बाहेर, आणि डॉक्टरबाईंनी आम्हाला पडद्यासमोर बसवलं. नाकापासून सुरुवात करून त्या एकेक चकती पुढं सरकवत गेल्या. उजवी बाजू आधी दाखवली. दाढांची मुळं एका ओळीत, डोळ्याची खोबण स्वच्छ. मग डावी. तिथं वरच्या दाढेचं मूळ वाकून खोबणीत शिरलं होतं, त्याच्याभोवतीचं हाड कागदासारखं पातळ झालं होतं, आणि डोळ्याच्या मागं वालाच्या दाण्याएवढा एक राखाडी गोळा. गळू. तेच डोळ्याला आतून ढकलत होतं. मी दोन्ही डोळे रोज पाहत होतो, पण डावा डोळा किंचित पुढं आलाय हे मला दिसलं नव्हतं. पडद्यावर दिसल्यावर मग खोक्यातल्या सशातही दिसायला लागलं.

"सुईनं काढता येईल का?" मी विचारलं. बैलाचं गळू आम्ही फोडतो आणि धुतो. त्यांनी मान हलवली. सशाचा पू वाहत नाही, खव्यासारखा घट्ट असतो. नुसत्या औषधानंही तो विरघळत नाही. शिवाय पेनिसिलिनसारखी काही औषधं सशाला तोंडानं दिली तर आतड्यातले उपयोगी जंतू मरून ससाच दगावतो. मग दोनच वाटा होत्या. दाढ, गळू आणि डोळा एकत्र काढायचा, किंवा वेदना कमी करणारी औषधं देत जितके दिवस जगेल तितके जगू द्यायचं. "दुखणं एकाच बाजूला आहे, फुप्फुसं स्वच्छ आहेत, म्हणून मी शस्त्रक्रियेचं बोलतेय. दोन्ही बाजूंना पसरलं असतं तर घरी घेऊन जा म्हणाले असते," असंही त्यांनी सांगितलं.

सीटीचा खरा उपयोग मला त्या वाक्यात समजला. त्या फोटोनं आजार बरा केला नाही. पण काय करायचं आणि काय करायचं नाही, हे ठरवण्याइतकं आम्हाला दाखवलं. म्हणून वाचकांना माझं एक सांगणं आहे. तुमच्या जनावराला सीटी सांगितलं तर घाबरू नका, पण डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: "यात अमुक दिसलं तर आपण काय करणार, आणि तमुक दिसलं तर काय करणार?" दोन्हीचं उत्तर एकच असेल, तर पैसे आणि भुलेचा धोका वाचवा. उत्तर वेगवेगळं असेल, तर करून घ्या.

आम्ही नातीकडं पाहिलं. तिला सगळं समजलं होतं. ती म्हणाली, "एका डोळ्यानं बघंल की." शस्त्रक्रिया झाली. पुढचे पंधरा दिवस मी आणि सूनबाईनं पाळीपाळीनं सिरिंजनं पातळ चारा भरवला, जखम धुतली. कापूस आज एका डोळ्यानं बघतो. डाव्या बाजूनं कुणी आलं की दचकतो, म्हणून आम्ही घरातले सगळे उजवीकडून जातो. बांधावरची हराळी आणि लसूणघास एवढाच त्याचा आहार, गाजर सणावारी. माझ्या चहातलं बिस्कीट बंद.

तीन आठवडे आधी गेलो असतो तर डोळा वाचला असता का? डॉक्टरबाईंना मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पण मी डॉक्टर आहे, मला अंदाज आहे. नातीनं एकदाही तो विषय काढलेला नाही, आणि त्यामुळंच तो माझ्या मनातून जात नाही.

परत आल्यावर मी त्या सालगड्याच्या घरी गेलो. त्याची आई अधूनमधून चक्कर येऊन पडायची, डोकं धरून बसायची. सांगितलेलं स्कॅनिंग खर्चाच्या भीतीनं राहून गेलं होतं. विचारायलाच कुणी गेलं नव्हतं. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि जुने कागद घेऊन आम्ही तिघं बीदरच्या सरकारी दवाखान्यात गेलो, रांगेत बसलो, आणि दुपारपर्यंत म्हातारीच्या डोक्याचं सीटी झालं. निघालं ते औषधावर भागणारं. मी काही मोठं केलं नाही, फक्त सोबत गेलो. पण सशासाठी पहाटे चारला उठणारा मी दोन महिने शेजारच्या घरात डोकावलो नव्हतो, हे खरं. प्राण्यावर खर्च करू नये असं मी म्हणणार नाही. नातीचा जीव त्यात होता आणि कापूस दुखत होता. पण घरातल्या सशाकडं जेवढं लक्ष देतो, तेवढं गल्लीकडंही द्यावं, एवढं मात्र त्या कंदिलाच्या उजेडात शिकलो.

आता पुण्याच्या ताईंच्या प्रश्नाकडं येतो. आमच्या शिक्षणात गाय, म्हैस, शेळी, मेंढी, घोडा, कुत्रा आणि मांजर सोडून बाकी सगळे 'एक्झॉटिक'. कासवाला तर माझा हात अगदीच निरुपयोगी. पोट दाबायला जावं तर कवच. त्याची फुप्फुसं पाठीच्या कवचाखालीच पसरलेली असतात आणि आपल्यासारखा छाती-पोटाच्या मधला पडदा त्याला नसतो. न्यूमोनिया झालाय, की अंडी अडकलीत, की खडे गिळलेत, हे सीटीत छान वेगळं दिसतं. कासव पाण्यात एका बाजूला कलून पोहायला लागलं तर थांबू नका. पोपटाच्या अंगात फुप्फुसाखेरीज हवेच्या पिशव्या असतात. तिथं बुरशी वाढली तर बाहेरून महिनोन्‌महिने काही कळत नाही, एक्स-रेत पुसट दिसते, सीटीत स्पष्ट. श्वास घेताना शेपटी वरखाली हलत असेल, आवाज बदलला असेल, तर तो इशारा समजा.

सोयी आता वाढल्या आहेत. मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं. तिथं सीटी आणि एमआरआय दोन्ही आहे. मार्च २०२५ मध्ये जामनगरच्या वनतारात सिंहाचा एमआरआय चाललेला सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिला. आपल्या सीमाभागालाही पशुवैद्यकाची उणीव नाही. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं मुख्यालय तर बीदरलाच आहे. आधी तिथं दाखवा. पुढं कुठं पाठवायचं, ते तेच सांगतील.

एक कायद्याचं बोलणंही करायला हवं. आपला हिरवा पोपट आणि तारा कासव घरी ठेवायला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं मनाई आहे. रानातला ससाही वन्यप्राणीच. पेरणीच्या वेळी शेतात सापडलेलं त्याचं पिल्लू उचलून घरी आणू नका, आई संध्याकाळी येते. बाजारात मिळणारा पाळीव ससा वेगळा, तो मूळ युरोपातल्या जातीचा. परदेशी पोपटांसारख्या काही प्राण्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांप्रमाणं करावी लागते. हे सांगायचं कारण असं, की कागद नसले की लोक आजारी प्राणी लपवतात, आणि डॉक्टरपर्यंत पोचेस्तोवर उशीर होतो. तो उशीर प्राणी भोगतो.

शेवटी, ज्याला काही खर्च नाही ते सांगतो. किराणा दुकानातला किंवा स्वयंपाकघरातला काटा घ्या आणि दर रविवारी तुमच्या सशाचं, पोपटाचं, कासवाचं वजन करून कॅलेंडरवर लिहून ठेवा. दोन आठवडे ओळीनं आकडा उतरला की उठा आणि जा. ससा दिवसभर खाल्ला नाही किंवा त्याच्या लेंड्या बंद झाल्या, तर रविवारचीही वाट पाहू नका. आमच्या घरी आता कॅलेंडरवर दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी नातीच्या अक्षरात कापसाचं वजन असतं. परवाच्या रविवारी एक किलो नऊशे ग्रॅम होतं.

पुढच्या महिन्यात पुन्हा गोठ्यात जाऊ. हिवाळ्यातल्या वासरांच्या हगवणीविषयी बऱ्याच जणांनी विचारलं आहे. तोवर तुमच्या घरातल्या मुक्या जनावरांना माझा नमस्कार सांगा.